शेवटच्या ओळीतून

दोन ऑगस्ट हा आमच्या सिल्वासाचा मोठा दिवस. १९५४ साली याच तारखेला स्वयंसेवकांनी सिल्वासा ताब्यात घेतले आणि दादरा-नगर हवेलीतला पोर्तुगीज अंमल संपला. दरवर्षी या दिवशी मुक्तिदिन साजरा होतो. २०२४ साली त्या घटनेला सत्तर वर्षे झाली, म्हणून माझ्या मुलाने हट्ट धरला की यंदा आण्णांनाही झेंडावंदनाला न्यायचेच. आण्णा म्हणजे माझे वडील. त्यांचे वय तेव्हा पंच्याऐंशी.

ऑगस्टातला आमच्याकडचा पाऊस सांगायला नको. आम्ही मैदानावर पोहोचलो तोवर पुढच्या खुर्च्या भरल्या होत्या. त्यांच्या मागे माणसांच्या चार-पाच रांगा आणि माणसांच्या वर छत्र्या. बँड ऐकू येत होता. टाळ्या ऐकू येत होत्या. दिसत होत्या त्या नुसत्या छत्र्या. नातू बापाच्या खांद्यावर चढून बसला, त्याचे भागले. आण्णांनी काठीवर भार देऊन टाचा उंचावल्या, मान इकडून तिकडून घालून पाहिली. फेटा भिजून कपाळावर उतरला. शेवटी ते माझ्याकडे वळून म्हणाले,

"काय बी दिसंना. मैदान असं सपाट असतंय व्हय? मैदान कसं, खोलगट पायजे."

मी नुसती मान हलवली. आण्णांच्या डोळ्यांपुढे कोणते मैदान होते, हे मला सांगायची गरज नव्हती. पण कोल्हापूरच्या खासबागेचा विषय मी आमच्या घरात आपण होऊन कधी काढत नसे. का काढत नसे, ते पंचावन्न वर्षे मी कोणालाही सांगितले नव्हते. ते आज सांगणार आहे. मात्र त्यासाठी आधी खासबागेची हकिगत सांगायला हवी. मैदान कसे आहे हे कळल्याशिवाय माझा अपराध कळणार नाही.

कोल्हापूरच्या वाचकांनी थोडी कळ सोसावी. त्यांना हे सारे पाठ आहे. पण मी १९८८ साली पोटासाठी इकडे आलो. करसवलतींमुळे सिल्वासाच्या आसपास तेव्हा कारखाने धडाधड उभे राहत होते. त्यांतल्या सुताच्या एका कारखान्यात मी फिटर म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. माझे सहकारी गुजराती, ओडिया, बिहारी, उत्तर प्रदेशातले आणि इथले वारली. जेवणाच्या सुट्टीत प्रत्येकजण आपापल्या गावातली मोठी गोष्ट सांगायचा. कोणी मंदिर सांगे, कोणी नदी सांगे. मी खासबाग सांगायचो. त्यामुळे खासबाग ठाऊक नसलेल्या माणसाला ती कशी सांगावी, याची मला चांगली सवय आहे.

१९०२ साली राजर्षी शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले. त्या युरोपच्या प्रवासात त्यांनी रोममधले कलोसियम पाहिले. दोन हजार वर्षांपूर्वीची ती लंबवर्तुळाकार रंगभूमी, दगडी कमानींचे मजल्यावर मजले चढवून उभी केलेली. महाराज स्वतः कुस्तीचे षोकी, नव्हे, स्वतः मातीत उतरणारे गडी. आपल्या कोल्हापुरात असे कुस्तीचे मैदान हवे, असे तिथेच त्यांच्या मनाने घेतले. काम १९०७ साली सुरू झाले आणि १९१२ साली पुरे झाले.

या १९०७ सालाचे मला नेहमी नवल वाटते. राधानगरीच्या धरणाची सुरुवातही त्याच सुमारास झाली. एका बाजूला भोगावतीचे पाणी अडवायला बांध घातला जात होता आणि दुसऱ्या बाजूला माणसे सामावून घ्यायला मैदान घडवले जात होते. संस्थानाचे उत्पन्न मोठे नव्हते आणि राजाचे वय पुरते पस्तीसही नव्हते. धरण पुरे व्हायला महाराजांच्या मागे आणखी कितीतरी वर्षे गेली. मैदान मात्र त्यांनी डोळ्यांनी पाहिले. १९२२ साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ते गेले.

आता मैदान. मध्यभागी लाल मातीचा हौदा. ही शेतातली माती नव्हे. ती चाळून मऊ केलेली असते आणि तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर असे जिन्नस मुरवलेले असतात. पडणाऱ्याला लागू नये आणि खरचटले तर चिघळू नये, म्हणून ही तजवीज. हौदा खोलात आणि त्याच्याभोवती बशीच्या काठासारखा चढत गेलेला उतार. प्रेक्षक या उतारावर बसतात. प्रत्येक माणूस पुढच्या माणसापेक्षा थोडा वर, त्यामुळे कोणाचे डोके कोणाच्या आड येत नाही. खांब नाही, छप्पर नाही. पुढे बसलेल्याला पैलवानाच्या अंगावरचा घाम दिसतो आणि मागच्याला दोन्ही पैलवानांचे पेच वरून, ताटात वाढल्यासारखे दिसतात. माझे म्हणाल तर मागची जागाच बरी.

महाराजांनी कलोसियमची नुसती नक्कल केली नाही. रोममध्ये माणसांची जागा दर्जावरून ठरे. सरदार-दरकदार खाली, जवळ. गरीबगुरीब आणि बायका अगदी वरच्या मजल्यावर. दूर बसणे ही तिथे गरिबीची खूण होती. खासबागेतही प्रतिष्ठितांच्या बैठका पुढे असतात, नाही असे नाही. पण तिथल्या उतारावर दूर बसलेल्याच्या पदरात कमी पडत नाही. तांबड्या फेट्याचा शेतकरी शिदोरी सोडून वर बसला, तरी कोणाची पाठ मातीला लागली हे त्याला पुढच्या खुर्चीवाल्याइतकेच स्वच्छ दिसते. कुस्तीत हे फार मोठे आहे. मातीतल्या निकाली कुस्तीत पूर्वी गुण नव्हते, घड्याळ नव्हते. दोन्ही खांदे एका वेळी मातीला टेकले की संपले. तो क्षण पापणी लवावी एवढा. तो हजारो माणसांनी एकदम पाहिलेला असला, की मग पंचाने काही म्हटले तरी पुढे चालत नाही. महाराजांनी सगळे मैदानच पंच करून ठेवले.

१९१२ साली या मैदानात पहिली मोठी कुस्ती झाली ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची. इमामबक्ष म्हणजे गामाचा धाकटा भाऊ. दोनच वर्षांपूर्वी, १९१० साली, दोघे भाऊ लंडनला जाऊन आले होते आणि तिथे इमामबक्षने जॉन लेम या स्विस मल्लाला हरवले होते. असा जगाचे पाणी पिऊन आलेला मल्ल कोल्हापूरच्या नव्या मातीत उतरला आणि जिंकला. पुढे देशातल्या नामांकित मल्लांनी या मातीत शड्डू ठोकले. श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले. पाठोपाठ गणपतराव आंदळकर, मारुती माने. ही नावे आमच्या लहानपणी देवादिकांच्या नावांसारखी घेतली जात. हेलसिंकीला १९५२ साली कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, पण त्यांचे शिक्षण कोल्हापुरात झाले होते, म्हणून तेही आमचेच.

मैदानाला लागून, पाठीला पाठ लावावी तसे, नाट्यगृह. १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून महाराजांनीच उभारलेले. पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. एका अंगाला शड्डू आणि दुसऱ्या अंगाला तंबोरा. एकाच राजाला दोन्ही आवाज हवेसे वाटले आणि त्याने ते शेजारी शेजारी ठेवले. मैदानात नुसत्या कुस्त्याच झाल्या असेही नाही. सभा झाल्या, गाण्याबजावण्याचे कार्यक्रम झाले. जिथे सगळ्यांना दिसते आणि सगळ्यांना बसता येते, तिथे लोक सगळ्याच कामांसाठी येतात.

आता माझी गोष्ट.

आण्णा पैलवान होते. मोठे नव्हेत. पंचगंगेकाठच्या आमच्या गावात, तालमीत, पंचक्रोशीच्या जत्रांत त्यांचे नाव होते. नारळापासून सुरू होऊन पाच, दहा, पंचवीस रुपयांच्या कुस्त्या मारत ते वर आले होते. घरी थोडा ऊस, दोन म्हशी. म्हशींचे दूध आण्णांच्या खुराकाला आणि उरले तर आम्हाला. आई यावर कधी बोलली नाही, पण दूध मोजून ओतताना तिचा हात मला दिसे.

१९६९ साली आण्णांची जोड खासबागेत लागली. मुख्य कुस्ती नव्हे. आधीच्या फेऱ्यांतली, शंभर रुपये इनामाची. पण खासबाग ती खासबाग. अर्धे गाव बैलगाड्या जुंपून निघाले. आण्णा तीस वर्षांचे होते. पैलवानाच्या आयुष्यात तिशी म्हणजे कलती दुपार. ही मारली तर पुढे आणखी दोन-चार वर्षे, असा त्यांचा हिशोब असावा. मी आठ वर्षांचा होतो. आम्हाला उशीर झाला आणि चुलत्याने मला घेऊन अगदी शेवटच्या ओळीत जागा धरली. मी हिरमुसलो. चुलता म्हणाला, "गप बस. हितनंच झ्याक दिसतंय."

आणि खरेच दिसत होते. हलगी कडाडत होती. खाली हौद्यात जोडी सुटली की मैदान एकदम श्वास घेई. आण्णा उतरले. त्यांनी माती कपाळाला लावली, सलामी झाली. समोरचा गडी सांगलीकडचा, वयाने लहान, अंगाने रुंद. पहिली काही मिनिटे नुसती खडाखडी. मग आण्णांनी पट काढला, गडी खाली आला, आण्णा वर. आमच्या गावाने आरोळी ठोकली. चुलता उभा राहिला. त्याने फेटा काढून हवेत फिरवला आणि नेमका त्याच वेळी तो मागे वळून कोणाला तरी हाक मारू लागला.

मी वळलो नाही. मी आण्णांकडेच पाहत होतो. खालच्या गड्याने अंग सोडवून घेतले, उठता उठता आण्णांच्या मानेला हात घातला आणि ढाक टाकली. आण्णा हवेत उचलले गेले आणि पाठीवर आले. आधी डावा खांदा टेकला, मग उजवा. एक क्षण दोन्ही. लगेच ते मासळीसारखे उसळून पालथे झाले. पण तो एक क्षण होता. मला तो दिसला. माझ्यावर सूर्य उजवीकडून येत होता, आण्णांची सावली त्यांच्या अंगाखाली गडप झाली होती आणि लाल मातीत त्यांची गोरी पाठ पूर्ण टेकली होती.

पंचाने हात वर केला. सांगलीकडच्यांनी गड्याला उचलून घेतले. आण्णा उठले आणि दोन्ही हात हलवून नाही, नाही म्हणू लागले. खांदा टेकला नाही म्हणाले. आमच्या गावचे पाच-पंचवीस लोक उतारावरून खाली धावले. थोडा गलका झाला. पुढची जोडी उतरली आणि गलका विरला. तेवढ्यात चुलत्याने माझा दंड धरला.

"काय झालं रं? तुला दिसलं काय? टेकला खांदा?"

मी म्हणालो, "लांबनं दिसलं न्हाई."

हेच ते माझे पाप. वडिलांना वाचवायला मी मैदानाला खोटे पाडले. खासबागेत शेवटच्या ओळीतून दिसले नाही, असे म्हणणारा मी बहुधा पहिलाच माणूस असेन.

त्यानंतर आण्णा मोठ्या मैदानात उतरले नाहीत. पण ती कुस्ती गावात जिवंत राहिली. चावडीवर, लग्नात, ऊसतोडीच्या वेळी, कोणी ना कोणी म्हणे, "खासबागंत आण्णाला पंचानं मारला, गड्यानं न्हाई." आण्णा यावर काही बोलत नसत, पण नाहीही म्हणत नसत. शाळेत पोरांना मीसुद्धा तेच सांगितले. पुढे लग्न झाल्यावर बायकोला सांगितले. मुलाला सांगितले. खोटे बोलायला फार कष्ट पडत नाहीत. पहिल्यांदा बोलावे लागते, मग ते आपले आपण चालते. फक्त एक झाले. कुस्त्यांना गावातले सगळे जात, मी जाईनासा झालो. खासबागेवरून जाताना मी सायकलचा वेग वाढवी. पुढे सिल्वासात आल्यावर मात्र मी खासबागेविषयी भरभरून बोलू लागलो. इथे विचारणारे कोणी नव्हते.

आई २०१६ साली गेली. आण्णा गावात एकटे राहिले, म्हणून त्यांना इकडे घेऊन आलो. सुरुवातीला ते फार बुजले. इथे बाजारात गुजराती, कारखान्यात हिंदी, पाड्यावर वारली. मग त्यांना कोणीतरी सांगितले की सिल्वासाच्या मुक्तिसंग्रामात सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते. फडके मूळचे कोल्हापूरचे, १९१९ साली तिथेच जन्मलेले. हे कळल्यावर आण्णांचा इथला परकेपणा निम्मा गेला. "आपल्या गावचा माणूस हितं येऊन लढला. मग आपल्याला राह्यला काय हुतंय?" असे ते नातसुनेला सांगत. संध्याकाळी दमणगंगेच्या बाजूला फिरायला जात. पोरे खेळताना दिसली की थांबत. वारली पोरांचे पाय पाहून म्हणत, "ह्यास्नी माती दिली, तर एकेक गडी हुईल." पण खासबागेचे नाव ते माझ्यासमोर क्वचित घेत. मी घेत नसे, म्हणून तेही घेत नसतील, असे मला वाटे.

तर दोन ऑगस्टला आम्ही छत्र्या पाहून घरी आलो. त्यानंतर सहाच दिवसांनी, ८ ऑगस्टच्या रात्री, मुलाच्या मोबाइलवर गावाकडून एक चित्रफीत आली. केशवराव भोसले नाट्यगृह पेटले होते. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती, आणि आदल्या रात्री ही आग. लाकूडकाम, पडदे, छप्पर, सारे भडकलेले. मागे काळे आभाळ आणि त्यात केशरी लोळ. मुलगा म्हणाला, आण्णांना दाखवायला नको. पण आण्णा दारात उभे होते. त्यांनी फोन हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला. पुन्हा पुन्हा पाहिला. मग एवढेच विचारले,

"मैदानाला काय झालं न्हाई न्हवं?"

माती जळत नाही आण्णा, असे मी म्हणालो. ते अंथरुणावर जाऊन बसले. झोपले नाहीत.

पहाटे मी पाणी प्यायला उठलो, तर ते तसेच बसलेले. मी शेजारी बसलो. बाहेर पाऊस पडत होता. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आण्णा म्हणाले,

"तू तवा शेवटच्या ओळीत व्हतास."

मला काही सुचले नाही.

"चुलत्याला म्हणालास, लांबनं दिसलं न्हाई. त्यानं मला त्याच रातीला सांगितलं. म्या तवाच वळाकलं. खासबागंत न दिसणारी जागाच न्हाई. म्हाराजांनी ठेवलीच न्हाई."

"आण्णा, मी लहान होतो."

"व्हतास की. म्हणून तर." ते थांबले. दम लागला होता. "दोन्ही टेकले व्हते. माझी पाठ हाय, मला कळंना व्हय? उठलो आन् कबूल करून हात मिळवनार, तवर वर बघितलं. सगळी मानसं बसलेली, तू एकटा उभा. एवढंसं पोरगं. मला तुझं तोंड दिसलं. मग तोंडातनं न्हाईच निघालं."

मी आयुष्यभर एका बाजूनेच हिशोब केला होता. वरून हौदा दिसतो, एवढेच मी धरून बसलो होतो. हौद्यातूनही वरचे सगळे दिसते, हे माझ्या डोक्यात कधी आले नाही. मी त्यांना पाहत होतो, तसे तेही मला पाहत होते. त्यांनी माझ्यासाठी हार नाकारली आणि मी त्यांच्यासाठी डोळे नाकारले. दोघांनी एकमेकांना सांभाळायला म्हणून पंचावन्न वर्षे एका परक्या माणसाला, त्या पंचाला, गावभर बदनाम केले. तो बिचारा कोण होता, कुठला होता, तेही आम्हाला ठाऊक नाही. त्याने फक्त जे झाले ते पाहिले आणि हात वर केला. आज तो हयात असण्याचा संभव कमी. पण त्याचे देणे देऊन टाकावे, म्हणून हे इथे छापून यावे असे मला वाटले. आण्णांना विचारले, तर म्हणाले, "लिही. पर त्या गड्याची ढाक चांगली व्हती, ते बी लिही." लिहिले.

आगीत नाट्यगृहाचे छप्पर आणि आतले सारे गेले. दगडी दर्शनी बाजू उभी राहिली. ते पुन्हा पूर्वीसारखे बांधायचे ठरले, तेव्हा कोल्हापूरकर जरा सावरले. त्याच हिवाळ्यात आण्णांनी कोल्हापूरला जायचे काढले. प्रवास लांबचा, वय झालेले, डॉक्टर नको म्हणाले. आम्ही गेलो.

सकाळची वेळ होती. मैदानात कुस्ती नव्हती, सभा नव्हती. हौद्याच्या कडेला एक म्हातारा कुत्रा ऊन खात बसला होता. आण्णांनी नाट्यगृहाच्या अंगाला पाहायचे टाळले. मुलाने त्यांना धरून हौद्यापर्यंत नेले. तिथे एक खुर्ची मिळाली, तिच्यावर ते बसले. वाकून त्यांनी चिमूटभर माती घेतली, कपाळाला लावली. मग काठीने वरच्या बाजूला खूण करून मला म्हणाले, "जा."

मी चढू लागलो. त्रेसष्टाव्या वर्षी तो चढ आठव्या वर्षीसारखा सोपा नाही. मध्ये दोनदा थांबलो. वर पोहोचलो तेव्हा गुडघे बोलत होते. जागा अचूक सापडली असे म्हणत नाही, पण बाजू तीच होती, ओळ शेवटचीच होती. मी वळून खाली पाहिले.

आण्णा दिसले. पांढरा सदरा, गुलाबी फेटा, मांडीवर आडवी काठी. कपाळावरचा मातीचा ठिपका एवढ्या अंतरावरून दिसण्याची शक्यता नाही, असे कोणी म्हणेल. मला दिसला. त्यांनी हात वर केला.

मीही केला.